फीडमधलं ‘फक्त नवीन’ कसं मागायचं? पान नंबर, कर्सर आणि सिन्स आयडी

कुठलंही सोशल मीडिया ॲप उघडा, अंगठ्याने स्क्रीन खाली ओढा. गोल चकरी फिरते आणि वर चार-पाच नवीन पोस्ट येऊन बसतात. आधी वाचलेल्या शंभर पोस्ट परत डाउनलोड होत नाहीत. उलट खाली स्क्रोल करत गेलात, तर जुन्या पोस्ट थोड्या थोड्या करून येत राहतात. रोज शेकडो वेळा आपण हे करतो, पण ॲपने सर्व्हरला नेमकं काय विचारलं हे बहुतेकांना माहीत नसतं.

ॲप आणि सर्व्हर यांच्यात बोलण्याची जी ठरलेली पद्धत असते, तिला एपीआय म्हणतात. सगळ्या पोस्ट एकदम द्यायला कुठलाच सर्व्हर तयार नसतो. तो एका वेळी २०, ४० किंवा १०० देतो आणि पुढचं पुन्हा मागायला लावतो. याला पेजिनेशन म्हणतात. ज्यांना कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या हॅशटॅगवरच्या पोस्ट गोळा करायच्या आहेत, एखादा बॉट बनवायचा आहे, किंवा ‘माझ्या ॲपमध्ये एकच पोस्ट दोनदा का दिसते’ हे समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. नवीन पोस्ट आणणं अजिबात अवघड नाही. आणलेल्या आणि आधीच्या पोस्टच्या मध्ये काही सुटलं नाही ना, हे बघणं अवघड आहे. कारण सुटलेल्या पोस्टसाठी एरर येत नाही.

पान नंबर का चालत नाही

पहिला विचार सगळ्यांना हाच सुचतो: पान १ द्या, मग पान २ द्या, मग पान ३. पुस्तकाला हे ठीक आहे, कारण पुस्तक वाचत असताना त्यात नवीन पानं येत नाहीत. फीड हे पुस्तक नाही, घरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यासारखं आहे. रोज नवा पेपर सगळ्यात वर ठेवला जातो. ‘वरून दहावा पेपर आण’ असं आज सांगितलं आणि परवा सांगितलं, तर हातात वेगवेगळे पेपर येतील. ‘१२ जूनचा पेपर आण’ म्हटलं, तर तोच येईल, मग वर कितीही नवे पेपर पडोत.

आकड्यात बघू. फीडमध्ये १०० पोस्ट आहेत, सगळ्यात नवी १०० नंबरची. एका पानावर २०. तुम्ही पान १ मागितलं, १०० ते ८१ मिळाल्या. त्या वाचेपर्यंत तीन नवीन पोस्ट आल्या. आता पान २ मागितलं की सर्व्हर वरून २० पोस्ट सोडतो आणि पुढच्या २० देतो. म्हणजे ८३ पासून ६४ पर्यंत. ८३, ८२, ८१ या पोस्ट दुसऱ्यांदा आल्या. एकच पोस्ट दोनदा दिसते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

उलटं झालं तर जास्त वाईट. मधल्या वेळात वरच्या तीन पोस्ट कुणी डिलीट केल्या, तर पान २ हे ७७ पासून सुरू होतं. ८०, ७९, ७८ तुम्हाला कधीच दिसत नाहीत. दोनदा आलेली पोस्ट निदान डोळ्याला दिसते. न आलेली कशी दिसणार?

सर्व्हरसाठीही ही पद्धत महाग पडते. पान ५०० द्यायचं म्हणजे डेटाबेसला आधीच्या ४९९ पानांमधल्या पोस्ट मोजून बाजूला सोडाव्या लागतात. म्हणून मोठ्या फीडच्या एपीआयमध्ये पान नंबर तुम्हाला क्वचितच दिसेल.

पान नको, खूण ठेवा

त्याऐवजी तुम्ही सर्व्हरला सांगता, ‘मी या पोस्टपर्यंत वाचलंय, हिच्या आधीच्या २० दे’. पेपरची तारीख सांगितल्यासारखं. वर कितीही नवीन पोस्ट येऊ देत, ही खूण हलत नाही.

उदाहरणासाठी मी मॅस्टोडॉन घेतो. ट्विटर म्हणजे आताच्या एक्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये फुकट एपीआय बंद करण्याची घोषणा केली, तेव्हापासून शिकणाऱ्यांसाठी ते दार जवळपास बंद झालंय. मॅस्टोडॉन ओपन सोर्स आहे, आणि अनेक सर्व्हरवर हॅशटॅगची सार्वजनिक टाइमलाइन लॉगिन न करता एपीआयमधून मिळते. फोनच्या ब्राउझरमध्येसुद्धा उत्तर बघता येतं. शिवाय या विषयातल्या तीनही खुणा तिथे एकाच जागी आहेत: मॅक्स आयडी, सिन्स आयडी आणि मिन आयडी. प्रत्यक्ष रिक्वेस्टमध्ये ही नावं इंग्रजी लहान अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.

मॅक्स आयडी म्हणजे ‘या आयडीपेक्षा जुन्या दे’. खाली स्क्रोल करताना हीच लागते. पहिल्यांदा काहीच न देता मागायचं, आलेल्यातली सगळ्यात जुनी पोस्ट बघायची, तिचा आयडी मॅक्स आयडी म्हणून द्यायचा, पुन्हा मागायचं. मॅस्टोडॉन एरवी एका वेळी २० पोस्ट देतो आणि मागितल्यास जास्तीत जास्त ४०.

इथे एक बारीक फरक लक्षात ठेवा. मॅस्टोडॉनमध्ये मॅक्स आयडी दिलेली पोस्ट स्वतः उत्तरात येत नाही. ट्विटरच्या जुन्या १.१ एपीआयमध्ये मात्र ती यायची, म्हणून त्या काळच्या कोडमध्ये सगळीकडे ‘आयडी वजा एक’ दिसतं. ट्विटरच्या दुसऱ्या आवृत्तीत याच कामाची अनटिल आयडी आली आणि तिच्यात ती पोस्ट येत नाही. जुनं कोड नव्या एपीआयवर चिकटवण्याआधी हे एकदा तपासून घ्या.

मॅस्टोडॉन उत्तराबरोबर ‘लिंक’ नावाचा हेडरही पाठवतो. त्यात पुढच्या आणि मागच्या पानाचे पत्ते तयार असतात. शक्यतो तेच वापरा. तुमच्या फेव्हरेट्स आणि बुकमार्कच्या यादीत तर तेच वापरावे लागतात, कारण तिथली खूण पोस्टच्या आयडीवर नसते. तुम्ही ती पोस्ट कधी फेव्हरेट केली, त्या नोंदीच्या आतल्या आयडीवर असते, आणि तो आयडी उत्तरात दाखवलाच जात नाही.

आयडीच्या पोटात घड्याळ

‘या आयडीपेक्षा जुन्या’ असं म्हणता येतं, याचा अर्थ आयडीला क्रम आहे. हा क्रम कुठून आला, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

सुरुवातीला एकच डेटाबेस १, २, ३ असे नंबर देऊ शकतो. हजारो पोस्ट अनेक मशीनवर एकाच क्षणी बनायला लागल्या की प्रत्येकाने एकाच ठिकाणी नंबर मागायला जाणं परवडत नाही. ट्विटरने २०१० मध्ये यासाठी स्नोफ्लेक नावाची पद्धत आणली. ६४ बिटांचा आयडी, त्यात ४१ बिट वेळेसाठी, मिलिसेकंदात. १० बिट मशीनचा नंबर, म्हणजे १०२४ मशीन. शेवटचे १२ बिट त्या मिलिसेकंदातला अनुक्रम, म्हणजे एका मशीनवर एका मिलिसेकंदात ४०९६ आयडी. वेळ मोजायला सुरुवात होते ती ४ नोव्हेंबर २०१० पासून, भारतीय वेळेनुसार सकाळचे ७ वाजून १२ मिनिटं ५४ सेकंद. कुणाला विचारायला न जाता प्रत्येक मशीन स्वतःच आयडी बनवतं आणि तरी आयडी वेळेच्या क्रमाने लागतात. अगदी काटेकोर क्रमाने नाही हं, साधारण क्रमाने. दोन मशीनच्या घड्याळांत किंचित फरक असतोच.

मॅस्टोडॉनची पद्धत याच धर्तीची, पण सोपी: ४८ बिट वेळ आणि १६ बिट अनुक्रम. त्यामुळे मॅस्टोडॉनच्या आयडीला ६५५३६ ने भागलं की थेट १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद मिळतात. १०९०००००००००००००००, म्हणजे १०९ वर पंधरा शून्यं, हा आयडी भागून बघा. उत्तर येतं १६६३२०८००७८१२. ही वेळ आहे १५ सप्टेंबर २०२२, भारतीय वेळेनुसार सकाळी ७ वाजून ४३ मिनिटं. उलटंही करता येतं. ‘काल रात्री ८ नंतरच्या पोस्ट’ हव्या असतील, तर ती वेळ मिलिसेकंदात काढा, ६५५३६ ने गुणा, आणि आलेला आकडा खूण म्हणून द्या. त्या आयडीची पोस्ट खरोखर अस्तित्वात असायची गरज नाही.

आता यातला खड्डा. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच पूर्णांक अचूक धरतो. हा १६ आकडी आहे आणि आपले आयडी १८ किंवा १९ आकडी. १०९ वर चौदा शून्यं आणि शेवटी १ असा आयडी जावास्क्रिप्टला नंबर म्हणून दिला, की शेवटचा १ गायब होऊन ० होतो. खूण चुकीची पडते आणि तुम्ही दोन दिवस भलतीकडेच बग शोधत बसता. म्हणून मॅस्टोडॉन आयडी स्ट्रिंग म्हणूनच देतो. ट्विटरने आकडी आयडीच्या शेजारी स्ट्रिंगमधला वेगळा आयडी द्यायला सुरुवात केली, तीही यामुळेच. तुमच्या डेटाबेसमध्येही तो तसाच ठेवा. फक्त तुलना करताना सांभाळा: स्ट्रिंग म्हणून ‘९९’ हा ‘१००’ पेक्षा मोठा ठरतो. आधी लांबी बघा, लांबी सारखी असेल तर मग अक्षरं. किंवा भाषेत मोठ्या पूर्णांकांचा प्रकार असेल तर तो वापरा.

‘फक्त नवीन’ आणि मधली फट

आता मुख्य मुद्दा. सिन्स आयडी म्हणजे ‘या आयडीपेक्षा नवीन दे’. शेवटी पाहिलेल्या पोस्टचा आयडी जपून ठेवायचा, पुढच्या वेळी सिन्स आयडी म्हणून द्यायचा. नवीन काही नसेल तर रिकामी यादी येते आणि डेटा वाचतो. इंटरनेटवरचे बरेच ट्युटोरियल इथेच थांबतात.

समजा तुम्ही मुंबईच्या पावसाच्या हॅशटॅगवर लक्ष ठेवणारा छोटा बॉट बनवलाय. कुठे पाणी साचलंय, लोकल कुठे थांबल्यात, अशा पोस्ट तो गोळा करून ग्रुपवर टाकतो. दर दहा मिनिटांनी विचारतो, एका वेळी ४० पोस्ट मागतो. कोरड्या दिवशी दहा मिनिटांत दोन पोस्ट येतात आणि सगळं छान चालतं. महिनाभर चालतं. मग एके संध्याकाळी धो धो पाऊस येतो.

सात वाजता तुमची खूण ५०० वर आहे. (समजायला सोपं जावं म्हणून ओळीने छोटे नंबर घेतोय, खरे आयडी असे सलग नसतात.) सात वाजून दहा मिनिटांपर्यंत ११० नवीन पोस्ट आल्या, ५०१ ते ६१०. बॉट विचारतो: सिन्स आयडी ५००, लिमिट ४०. सर्व्हर काय देईल?

बरेच जण म्हणतात ५०१ ते ५४०. नाही. सर्व्हर ५७१ ते ६१० देतो. ‘५०० पेक्षा नवीन’ यातल्या सगळ्यात ताज्या ४०. सिन्स आयडी ही फक्त खालची सीमा आहे, मोजायला सुरुवात वरूनच होते. बॉट खूश, तो नवी खूण ६१० लिहून ठेवतो. मधल्या ७० पोस्ट, ५०१ ते ५७०, आता कधीच येणार नाहीत, कारण पुढच्या वेळी तो ६१० च्या वरचंच मागणार. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. ज्या संध्याकाळसाठी बॉट बनवला, नेमक्या त्याच संध्याकाळी तो सर्वांत जास्त गाळतो.

हा बग टेस्टिंगमध्ये सापडत नाही याचं कारणही हेच. टेस्टिंग करताना कधी एवढी गर्दी नसते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, खालून वर चढायचं. मॅस्टोडॉनमध्ये त्यासाठी मिन आयडी आहे: ‘या आयडीच्या लगेच नंतरच्या दे’. मिन आयडी ५०० दिलं की ५०१ ते ५४० मिळतात. त्या साठवा, खूण ५४० करा. पुन्हा मागा, ५४१ ते ५८०. पुन्हा, ५८१ ते ६१०. पुन्हा, रिकामी यादी. संपलं. एक लक्षात घ्या, प्रत्येक उत्तराच्या आत क्रम मात्र नव्याकडून जुन्याकडेच असतो, म्हणजे यादीतली पहिली पोस्ट सगळ्यात नवी. खूण तिचीच घ्यायची.

दुसरा उपाय, वरून खाली उतरायचं, पण तळाला टेकेपर्यंत. सिन्स आयडी ५०० कायम ठेवायची आणि सोबत मॅक्स आयडी खाली खाली आणायची. पहिल्या वेळी ५७१ ते ६१०. मग सिन्स ५००, मॅक्स ५७१: मिळतात ५३१ ते ५७०. मग मॅक्स ५३१: मिळतात ५०१ ते ५३०. मग रिकामी यादी. एक्सच्या एपीआयमध्ये मिन आयडी नाही, तिथे हाच मार्ग आहे: सिन्स आयडी तीच ठेवून उत्तरातलं नेक्स्ट टोकन पुढच्या रिक्वेस्टला द्यायचं, ते यायचं थांबेपर्यंत. पहिल्या पानाच्या उत्तरात सगळ्यात नवा आयडी मिळतो, तो बाजूला धरून ठेवायचा. खूण म्हणून लिहायचा तो शेवटचं पान हातात आल्यावरच.

माझं मत विचाराल तर बॉट, मोजणी, संशोधन यासाठी जिथे मिळेल तिथे मिन आयडी. मध्येच लाइट गेली किंवा प्रोग्राम बंद पडला तरी खूण जिथे आहे तिथपर्यंतचं सगळं नक्की आलेलं असतं. वरून खाली येताना अर्ध्यावर बंद पडलं, तर पुन्हा पहिल्यापासून. स्क्रीनवर दाखवायचं असेल तर गोष्ट वेगळी. सकाळी ॲप उघडणाऱ्याला रात्रीच्या जुन्या पोस्टपासून सुरुवात नको असते, त्याला ताजं आधी हवं. म्हणून काही ॲप वरच्या ४० दाखवतात, जुन्या पोस्ट तशाच खाली ठेवतात आणि मधल्या जागी ‘आणखी लोड करा’ असं बटण देतात. ते बटण म्हणजे हीच फट, प्रामाणिकपणे दाखवलेली. दाबलं की वरची आणि खालची दोन्ही खुणा देऊन मधलं मागवलं जातं.

आणखी एक. ४० मागितल्या आणि ३० आल्या, म्हणजे संपलं, असं धरू नका. काही सर्व्हर आधी ४० उचलतात आणि मग तुम्हाला बघण्याचा हक्क नसलेल्या गाळतात. फेसबुकचं ग्राफ एपीआय तर स्पष्टच सांगतं की कमी आल्या म्हणून थांबू नका, पुढचा पत्ता मिळायचा थांबला की थांबा.

खूण पुढे कधी सरकवायची

क्रम असा: आधी पोस्ट साठवा, मग खूण लिहा. उलटं केलं आणि मध्येच ॲप बंद पडलं, तर खूण पुढे गेलेली असते आणि पोस्ट हातात नसतात. आपल्या फोनवर हे वरचेवर होतं. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड मागे चाललेली कामं थांबवतो, काही कंपन्यांचे फोन तर त्यात फारच उत्साही असतात. डेटाबेस वापरत असाल तर दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, प्रश्नच मिटला.

आधी पोस्ट, मग खूण असं केल्यावर कधीतरी तीच पोस्ट पुन्हा येईल. येऊ दे. पोस्टच्या आयडीला टेबलमध्ये प्रायमरी की करा, दुसऱ्यांदा आलेली आपोआप नाकारली जाईल. दोनदा आलेली काढून टाकता येते.

ही सोय केली की आणखी एक प्रश्न सुटतो. मॅस्टोडॉन हा एक सर्व्हर नाही, हजारो सर्व्हर एकमेकांना पोस्ट पाठवत असतात. एखाद्या सर्व्हरवरून पोस्ट उशिरा पोचली, तर तुमचा सर्व्हर तिला कधी कधी ती लिहिली गेली त्या वेळेचा आयडी देतो, पोचली त्या वेळेचा नाही. म्हणजे तुमची खूण ६१० वर गेल्यानंतर ५९० नंबरची पोस्ट अवतरू शकते. म्हणून खुणेपासून थोडं मागे जाऊन मागायचं, दहा-पंधरा मिनिटं मागे. वेळेचा आयडी कसा काढायचा ते वर पाहिलंच. तीच-तीच पोस्ट येईल, ती प्रायमरी की अडवेल.

आणि पहिल्यांदा चालवताना? तेव्हा खूण नसतेच. काहीच न देता ४० आणल्या आणि सगळ्यांचं नोटिफिकेशन पाठवलं, तर ग्रुपवाले बॉटला पहिल्याच मिनिटाला म्यूट करतील. पहिल्या वेळी एकच पोस्ट मागा, तिचा आयडी खूण म्हणून लिहा आणि गप्प बसा.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी

यूट्यूबच्या डेटा एपीआयमध्ये चॅनेलच्या अपलोड यादीला सिन्स आयडीसारखं काही नाही. पेज टोकन देऊन एका वेळी जास्तीत जास्त ५० व्हिडिओ खाली खाली मागायचे आणि ओळखीचा व्हिडिओ दिसला की थांबायचं. सर्चमध्ये ‘या वेळेनंतर प्रसिद्ध झालेले’ असं मागता येतं आणि ते मोहात पाडतं. पण रोजचा कोटा साधारण १०,००० युनिटचा, यादी मागायला १ युनिट, आणि सर्चचा एक कॉल वर्षानुवर्षं १०० युनिटचा राहिलेला आहे. दर पाच मिनिटांनी सर्च केलं तर साडेआठ तासांत कोटा खलास. हा कोटा अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री भरतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला, त्यांच्या हिवाळ्यात दीडला.

वेळ देऊन मागताना आपल्या साडेपाच तासांचाही विचार करा. हे एपीआय बहुतेक यूटीसी वेळ धरतात. आपली रात्री १२ ची वेळ म्हणजे यूटीसीची आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसहा. भारतीय वेळ तशीच यूटीसी म्हणून पाठवली, तर साडेपाच तासांचे व्हिडिओ गेले.

रेडिटमध्ये खूण म्हणून पोस्टचं पूर्ण नाव द्यावं लागतं, ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ मध्ये. एका वेळी १०० पर्यंत. आणि यादी साधारण १००० पोस्टनंतर संपते, त्याहून मागे जाता येत नाही. तिथली खरी अडचण मात्र निराळी. तुम्ही खूण केलेली पोस्ट डिलीट झाली, की ‘हिच्या नंतरच्या’ असं विचारल्यावर रिकामं उत्तर येऊ शकतं. तुम्हाला वाटतं नवीन काही नाही, आणि बॉट कायमचा गप्प. मॅस्टोडॉनमध्ये आयडीची तुलना होते, ती पोस्ट जिवंत असायला लागत नाही. रेडिटला मात्र शेवटच्या पाच-दहा खुणा ठेवा, आणि बराच वेळ रिकामं आलं तर खूण न देता एकदा मागून बघा.

फेसबुकचे कर्सर म्हणजे अगम्य अक्षरांची माळ. ते पानं उलटण्यासाठीच वापरायचे, डेटाबेसमध्ये महिनोन्‌महिने जपायचे नाहीत, कारण त्यामागची नोंद गेली की कर्सरही जातो.

टेलिग्राम बॉटमध्ये गणित उलटं आहे. तिथे ‘ऑफसेट’ म्हणून शेवटच्या अपडेटचा आयडी अधिक एक द्यायचा. तो देणं म्हणजे आधीचे सगळे मेसेज मिळाल्याची पोच देणं, आणि सर्व्हर ते पुन्हा देत नाही. त्यामुळे आधी काम पूर्ण, मगच पुढचा ऑफसेट. न उचललेले मेसेजही २४ तासांपेक्षा जास्त ठेवले जात नाहीत. शनिवार-रविवार बॉट बंद ठेवलात, तर सोमवारी शनिवारचं काही मिळणार नाही.

किती वेळा विचारायचं

मॅस्टोडॉनची सर्वसाधारण मर्यादा पाच मिनिटांत ३०० रिक्वेस्टची आहे. किती उरल्या आणि मर्यादा परत कधी भरणार, हे प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं. मिनिटाला एकदा विचारणारा बॉट या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. पण फट भरताना लूपमध्ये थांबायची अट चुकली तर ३०० संपायला वेळ लागत नाही. ४२९ हा कोड आला की लगेच पुन्हा विचारू नका. रिकामं उत्तर येत असेल तर मधलं अंतर वाढवा, पोस्ट यायला लागल्या की कमी करा.

फोनवरच्या ॲपने मात्र असं सारखं विचारत बसूच नये. अँड्रॉइडच्या वर्क मॅनेजरमध्ये ठरावीक वेळाने चालणारं काम किमान १५ मिनिटांच्या अंतराने लावता येतं, त्याहून कमी नाही. म्हणून विचारायचं काम स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर ठेवा आणि फोनला पुश नोटिफिकेशन पाठवा. मॅस्टोडॉनमध्ये स्ट्रीमिंगही आहे: कनेक्शन उघडं ठेवलं की नवी पोस्ट स्वतःहून येते. तरी खूण लागतेच. बोगद्यात नेटवर्क गेलं आणि दोन मिनिटांनी आलं, तर मधल्या दोन मिनिटांचं मिन आयडीनेच भरावं लागणार.

जे ‘नवीन’ मध्ये येत नाही

पोस्ट एडिट झाली तर तिचा आयडी बदलत नाही, म्हणून ती पुन्हा येणार नाही. लाइक वाढले, पोस्ट डिलीट झाली, हेही कळणार नाही. ‘ट्रेन सुरू झाल्या’ असं लिहून पाच मिनिटांनी कुणी ‘नाही झाल्या’ असा बदल केला, तर तुमच्या ग्रुपवर जुनंच राहील. अशा पोस्टसाठी वेगळं काम ठेवा: मागच्या तास-दोन तासांतल्या पोस्ट आयडीनुसार पुन्हा मागून बघणं. त्यात एखादी सापडली नाही, तर आपल्याकडूनही काढून टाका. लिहिणाऱ्याने मागे घेतलेली गोष्ट आपल्या बॉटने फिरवत राहू नये.

फट राहते की नाही हे तपासायला पावसाची वाट बघू नका. लिमिट ४० ऐवजी २ करा, बॉट बंद करा, टेस्ट अकाउंटवरून सात पोस्ट टाका, त्यातली मधली एक डिलीट करा आणि बॉट सुरू करा. सहा आल्या पाहिजेत. दोनच आल्या, तर कुठे बघायचं ते तुम्हाला माहीत आहे.